स्तिफादो: ग्रीक पद्धतीचं मांस आणि अख्खे कांदे, मंद आचेवर

मंदआच
मुसाका, सुव्लाकी, त्झात्झिकी या ग्रीक पदार्थांवर इथे भरपूर लिहून झालंय. स्तिफादोवर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

पदार्थ दिसायला साधा: मांसाचे मोठे तुकडे, तेवढ्याच वजनाचे अख्खे छोटे कांदे, रेड वाइन, व्हिनेगर, थोडासा टोमॅटो आणि गरम मसाल्यांतले तीन-चार अख्खे जिन्नस. ग्रीसमध्ये बीफ किंवा ससा घेतात. शिकारीच्या दिवसांत रानससा, बेटांवर ऑक्टोपससुद्धा. मात्र कांदा इथे वाटणात जिरून जायला आलेला नाही. ताटात तो अख्खा दिसला पाहिजे, आणि काट्याने दाबला की लोण्यासारखा दबला पाहिजे. सगळी कसरत या दोन गोष्टी एकाच वेळी साधण्याची आहे.

पाच-सहा जणांसाठी: बीफ १ किलो, ४ ते ५ सेंमीचे तुकडे. सोललेले छोटे कांदे १ किलो. ऑलिव्ह तेल ८० मिली. लसूण ४ पाकळ्या, ठेचलेल्या. टोमॅटो पेस्ट १ टेबलस्पून आणि डब्यातला सोललेला टोमॅटो २०० ग्रॅम, म्हणजे अर्धा डबा. कोरडी रेड वाइन २०० मिली, रेड वाइन व्हिनेगर ५० मिली. दालचिनी ५ सेंमी, लवंगा ३, ऑलस्पाईस ६ दाणे, काळी मिरी १० दाणे, बे लीफ २. गरम पाणी २०० मिली, लागेल तसं. मीठ.

मांस तासभर आधी बाहेर काढून कागदाने कोरडं करा, अर्ध मीठ लावा. जाड बुडाच्या भांड्यात अर्ध्या तेलावर कांदे आधी परता, मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं, दोन-तीन बाजूंनी तांबूस डाग पडेपर्यंत. काढून ठेवा. उरलेलं तेल घालून त्याच भांड्यात मांस तीन हप्त्यांत परता. एका वेळी तीन-साडेतीनशे ग्रॅमच. तुकडा टाकला की हलवायचा नाही. खाली खरपूस झाला की स्वतःच सुटतो. मग आच कमी करून लसूण, पेस्ट, मसाले, एक मिनिट. पेस्टचा रंग विटकरी झाला की सगळं मांस परत आत, त्यावर व्हिनेगर. डोळ्यांत जाणारी वाफ ओसरेपर्यंत दोन मिनिटं झाकण ठेवू नका. मग वाइन, ती अर्धी आटू द्या. मग टोमॅटो आणि पाणी. पाणी मांसाच्या निम्म्यापर्यंतच आलं पाहिजे, मांस बुडता कामा नये.

झाकण लावून अगदी मंद आचेवर दीड तास. मग कांदे वरून पसरा, झाकण लावा, आणखी ५० ते ६० मिनिटं. या टप्प्यानंतर चमचा भांड्यात जाता कामा नये. दोन्ही कान धरून भांडं गदागदा हलवायचं, बस्स. शेवटी झाकण काढून १० मिनिटं. रस कांद्याला चिकटून राहील इतका दाट झाला आणि कडेने तेल सुटलं, की झालं. ग्रीक स्वयंपाकात हे तेल सुटणं म्हणजे पदार्थ तयार झाल्याची खूण. आपल्या रश्शावरच्या तर्रीसारखंच, फक्त तिखट नाही.

कोकणकडा
छान आणि नेमकं लिहिलंय. दोन प्रश्न. १ किलो छोटे कांदे सोलायला माणूस कुठून आणायचा? आणि भारतात कोणते कांदे घ्यायचे?

मंदआच
@कोकणकडा, सोलण्याची सोपी रीत: कांदे उकळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच गार पाण्यात. मग शेंड्याकडून किंचित कापून बोटाने दाबलं की साल सरकते. मुळाकडची बाजू मात्र फक्त खरवडायची, चकती उडवायची नाही. सगळे पापुद्रे त्या बुडाशी जोडलेले असतात. ते उडवलं की शिजताना कांद्याचा फुलोरा होतो. त्याच बुडावर सुरीच्या टोकाने उथळ फुली मारा. आतला भाग तापून फुगतो तेव्हा तो सुरळीसारखा बाहेर येत नाही, आणि मधोमध कच्चाही राहत नाही.

कांद्याचा आकार ३ ते ४ सेंमी असावा. अलिबागचा पांढरा कांदा (२०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला) माळेतले लहान लहान निवडून घेतले तर फार चांगला. गोडसर आहे आणि तिखटपणा कमी. हंगाम नसेल तर सांबार कांदे. ते दीड-दोन सेंमीचेच असतात, म्हणून त्यांना शेवटची २५ ते ३० मिनिटं पुरतात. मोठे लाल कांदे चार फाका करून वापरू नका. चव येईल, पण त्या फाका विरघळून रस्सा होईल.

सायली_म
आमच्याकडे बोकडाचं मटण. आणि अडीच तास गॅस जाळणं जमणारं नाही. कुकरमध्ये होईल का? काय बदलायचं?

खलबत्ता
सायलीताई, होईल, पण कांदे कुकरमध्ये घालायचे नाहीत. ही एक गोष्ट पाळली तर बाकी सोपं आहे. प्रेशरखाली आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथे कांद्याची पाचव्या मिनिटाला खीर होते.

मटण खांद्याचं आणि गर्दनचं मिळून घ्या, एक-दोन नळ्या असू द्या. मांडीचे निव्वळ लाल तुकडे टाळा, ते कोरडे पडतात. तुकडे नेहमीच्या रश्शापेक्षा मोठे सांगा, खाटकाला दोन इंच सांगितलं की कळतं. परतणं, मसाले, व्हिनेगर, वाइन सगळं वर दिल्याप्रमाणेच, कुकरमध्येच उघड्यावर. फरक पाण्यात: कुकरमधून वाफ फार जात नाही, म्हणून वाइन आटल्यावर पाणी १०० मिलीच. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग मंद करून १५ मिनिटं. प्रेशर आपसूक उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर मांसातला रस झपकन बाहेर येतो आणि तुकडे दोरीसारखे होतात.

तोवर शेजारच्या शेगडीवर पसरट पातेल्यात कांदे परतून घ्या. कुकर उघडला की मटण रसासकट त्या कांद्यांवर ओता, झाकण ठेवून मंद आचेवर ३० मिनिटं. मांसाला कांद्याचा आणि कांद्याला मांसाचा स्वाद लागतो तो याच अर्ध्या तासात, तो कापू नका. एकूण सव्वा तासात होतं.

महाराष्ट्रात २०१५पासून गोवंशाचं मांस बंद आहे. म्हशीचं मिळतं, त्याची वेळ मूळ कृतीपेक्षा अर्धा-पाऊण तास जास्त धरा. ते कमी चरबीचं असतं, तेव्हा नळीजवळचं मांस मागून घ्या.

पोईवाला
तमालपत्राबद्दल कोणीतरी स्पष्ट लिहा. किराणा दुकानातलं आपलं तमालपत्र चालेल का?

मंदआच
चालवता येतं, पण ते वेगळं झाड आहे. ग्रीकांचं पान लॉरेलचं: लहान, जाड, मधोमध एकच शीर. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, लांबट, देठापासून निघणाऱ्या तीन शिरा, आणि वास दालचिनी-लवंगेकडे झुकणारा. भांड्यात आधीच दालचिनी आणि लवंग आहे, तेव्हा आपलं पान घातलं तर तोच स्वाद दुप्पट होतो आणि लॉरेलचा हिरवा, किंचित कडसर वास येतच नाही. सुपरमार्केटमध्ये बे लीफ म्हणून मिळणाऱ्या पाकिटातली शीर बघा. मिळालं नाहीच तर आपलं एक पान घाला आणि दालचिनी निम्मी करा.

तसंही आपल्याकडची बाजारातली बहुतेक दालचिनी जाड सालीची कॅशिया असते. ती उग्र असते. कॅशिया असेल तर ३ सेंमी पुरे. पातळ, अनेक पदरांची सिलोन दालचिनी असेल तरच ५ सेंमी.

खलबत्ता
ऑलस्पाईसचंही तेच. कबाबचिनी मागितली की कुठे ऑलस्पाईस मिळतो, कुठे खरी कबाबचिनी. खऱ्या कबाबचिनीच्या दाण्याला शेपटी असते, मिरीच्या भाऊबंदांतली आहे ती. ऑलस्पाईसचा दाणा मिरीपेक्षा मोठा, तपकिरी, बिनशेपटीचा. चुरगळला की लवंग, जायफळ आणि दालचिनी एकत्र असल्यासारखा वास. गोव्यात मसाल्याच्या बागा बघायला गेलात तर हे झाड दाखवतात. नाहीच मिळाला तर जायफळ दोन चिमटी किसून आणि एक लवंग जास्त.

मसाल्यांची पूड करू नका. पूड रसात अडीच तास उकळली की कडवट होते आणि रस काळपट दिसतो.

पोईवाला
आणि गोव्याचा माडाचा व्हिनेगर?

खलबत्ता
@पोईवाला, चव चांगली लागते, पण प्रमाण बदला. युरोपात वाइन व्हिनेगरला किमान ६ टक्के आम्लता लागते. आपल्याकडचा बाटलीतला सिंथेटिक व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचा, माडाचा घरगुती असेल तर तो कधी कसा. ६ टक्क्यांच्या ५० मिलीला ४ टक्क्यांचा ७५ मिली हिशेबाने बसतो. लेबल नसेल तर ४० मिलीपासून सुरू करा आणि शेवटच्या अर्ध्या तासात चाखून वाढवा. पांढरा सिंथेटिक मात्र शक्यतो नको. त्यात आंबटपणा असतो, चव नसते.

शेवटच्या दहा मिनिटांत व्हिनेगर कधीच ओतायचा नाही. तो मग रसात मुरत नाही, नाकात जातो.

राईनकाठ
युरोपात राहणाऱ्यांसाठी भर. ग्रीक खाटीक स्तिफादोला दोन भाग देतात: खांदा (स्पाला) आणि पोटरीचं मांस (पोंदिकी). पोटरीत शिरा आणि पडदे जास्त, म्हणून तीन तास लागतात, पण रस ओठांना चिकटेल असा होतो. जर्मनीत हेच रिंडरवाडे नावाने मिळतं, स्वस्तही असतं. गुलाश म्हणून कापून ठेवलेलं पाकीट घेऊ नका. त्यात मागच्या मांडीचे कोरडे तुकडे मिसळलेले असतात आणि आकारही लहान.

ओव्हन असेल तर १५० अंश, झाकण घट्ट, अडीच तास. गॅसपेक्षा हे खात्रीचं, कारण आच चारी बाजूंनी सारखी. गॅसवर करणार असाल तर भांड्याखाली जुना तवा ठेवा. रसात दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा यावा, एवढंच. खळाखळा उकळलं तर मांस आकसतं, चरबी रसात फेसाळून मिसळते आणि रस गढूळ होतो.

बाटलीतले छोटे मोत्यासारखे कांदे इथे सगळीकडे दिसतात. ते व्हिनेगरमध्ये घातलेलं लोणचं आहे, या पदार्थाचं नाही. शालोटेन (शॅलट, छोटे कांदे) घ्या.

जर्सीकाका
अमेरिकेत फ्रोझन पर्ल अनियन मिळतात, सोललेले. ते आधीच वाफवलेले असतात. पूर्ण सुटे करून, कापडावर कोरडे करून मोठ्या आचेवर डाग पाडा आणि शेवटच्या २५ मिनिटांतच घाला. मांस चक रोस्ट (खांद्याकडचा भाग), अख्खा आणून स्वतः कापा.

उकडहंडी
मला एक कळत नाहीये. कांदे परतून शेवटी घालायचे म्हणता, पण ग्रीसमधल्या कित्येक घरी कच्चेच कांदे सुरुवातीलाच मांसावर रचतात आणि झाकण लावून विसरून जातात. तरी ते अख्खे राहतात. मग परतायचा खटाटोप कशासाठी?

मंदआच
@उकडहंडी, रास्त प्रश्न. ते अख्खे राहतात आंबटपणामुळे. कांद्याच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि आंबट रसात पेक्टिन फार सावकाश सुटतं. व्हिनेगर, वाइन आणि टोमॅटो तिन्ही आंबट, म्हणून साध्या पाण्यात जो कांदा पाऊण तासात गळून पडेल तो इथे दोन तास तग धरतो.

पण याची दुसरी बाजू आहे. आंबट रसात कच्चा, मोठासा कांदा उशिरा टाकला तर तो मऊच होत नाही, बाहेरून रंगलेला आणि आतून करकरीत. म्हणून हिशेब असा: कच्चे घालायचे तर सुरुवातीलाच, मांसावर रचून, आणि भांडं हलवायचंही नाही. उशिरा घालायचे तर आधी परतून अर्धे शिजवूनच. या दोन्हींच्या मधली रीत फसते.

चवीत फरक आहे. कच्चे रचलेले कांदे स्वतःचं पाणी सोडतात (कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं), रस सौम्य आणि पातळ होतो, पाणी वेगळं घालावं लागत नाही. परतलेल्यांत भाजलेला गोडवा येतो आणि व्हिनेगरला तोलायला तो उपयोगी पडतो. माझं मत परतण्याच्या बाजूने, पण सशाला कच्चेच बरे वाटतात.

राईनकाठ
+१. सशाचं वेगळं लिहायला हवं. त्यात चरबी जवळजवळ नसते. सांध्यांवर तोडून ८ तुकडे, रात्रभर वाइन ५०० मिली, व्हिनेगर ५० मिली, बे लीफ, मिरी यांत फ्रिजमध्ये. १२ तासांच्या वर नको. बाहेरचा थर भुसभुशीत होतो. दुसऱ्या दिवशी तुकडे निथळून पूर्ण कोरडे करून परता, मुरवणातली अर्धी वाइन गाळून वापरा, व्हिनेगर नव्याने घालू नका. सव्वा तास पुरतो. पाठीचे तुकडे पाऊण तासातच काढून ठेवा आणि शेवटी परत घाला. क्रीटमध्ये रोझमेरीची काडी घालतात, काही जण संत्र्याच्या सालीची पट्टी. पांढरा भाग खरवडून घ्या, नाहीतर कडू.

सायली_म
आत्ता गॅसवर आहे. खलबत्ता म्हणतात तसंच केलं, पण कुकर उघडल्यावर रस फार पातळ दिसतोय. कॉर्नफ्लोअर लावू?

खलबत्ता
नको नको, थांबा. कॉर्नफ्लोअरने रस चकचकीत आणि बुळबुळीत होईल. मटणाचे तुकडे झाऱ्याने काढून बाजूला झाकून ठेवा, कांदेही. नुसता रस पसरट भांड्यात मोठ्या आचेवर आटवा, चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं तर रेघ राहिली पाहिजे. मग सगळं परत आत. मीठ आटल्यावरच चाखा.

सायली_म
आटला. रेघ राहतेय. पण आता आंबट लागतंय.

मंदआच
आटल्यावर आंबटपणाही दाटतो, साहजिक आहे. अर्धा चमचा साखर किंवा मध, आणि एक टेबलस्पून कच्चं ऑलिव्ह तेल घालून कांद्यांसकट दहा मिनिटं मंद आचेवर राहू द्या. कांदे गोडवा सोडतील. त्यानंतरच ठरवा. पाणी घालून आंबटपणा मोडायला जाऊ नका, तुम्ही आत्ताच ते आटवलंय :)

भरली_वांगी
टोमॅटो एवढा कमी का? जालावरच्या बऱ्याच कृतींत दोन-दोन डबे असतात.

मंदआच
तेवढा घातला की तो कोक्किनिस्तो होतो, टोमॅटोच्या रसातलं मांस. चांगला पदार्थ आहे, पण वेगळा. टोमॅटो ग्रीक स्वयंपाकात रुळला १९व्या शतकात; त्याआधी वाइन-व्हिनेगर आणि मसाले यांवरच असे पदार्थ उभे होते. सायप्रसमध्ये अजूनही टोमॅटो अगदी कमी किंवा अजिबात नसतो, व्हिनेगर सढळ. टोमॅटो जास्त झाला की कांद्याचा गोडवा झाकला जातो.

अवांतर: कॉर्फूची पास्तित्सादा मसाल्यांमुळे याची जवळची नातेवाईक वाटते, पण ती जाड पास्त्यावर वाढतात आणि अख्खे कांदे नसतात. तिथलंच सोफ्रितो तर लसूण, व्हिनेगर आणि पार्स्लीचं, टोमॅटोशिवाय.

उकडहंडी
शाकाहारी करायचं तर? आमच्याकडे निम्मे जण मांस खात नाहीत.

राईनकाठ
ग्रीसमध्ये मशरूम आणि चेस्टनटचा स्तिफादो करतात. बटण मशरूम ६०० ग्रॅम अख्खे, मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतायचे, कांदे ८०० ग्रॅम, रसाचं बाकी प्रमाण निम्मं, आणि एकूण ४० मिनिटं. काबुली चणे घालायचे तर आधी पूर्ण मऊ शिजवून. आंबट रसात कच्चट चणे दोन तास ठेवले तरी शिजणार नाहीत. कांदा ज्या कारणाने टिकतो त्याच कारणाने चणाही अडतो. सुरणालाही हाच नियम.

ऑक्टोपसचा उल्लेख वर आलाय. तो मोठ्या उपासाच्या काळात, ईस्टरपूर्वी, चालतो, कारण रक्त नसलेलं समुद्री अन्न त्या नियमांत बसतं. मीठ शेवटी. आधी झाकणाखाली स्वतःच्याच पाण्यात अर्धा-पाऊण तास, मग कापून कांद्यांबरोबर.

कोकणकडा
भांड्याबद्दल: साधं ॲल्युमिनियमचं जाड पातेलं चालेल ना?

खलबत्ता
नाही. व्हिनेगर, वाइन आणि टोमॅटो दोन-अडीच तास ॲल्युमिनियममध्ये ठेवले तर धातूची चव उतरते आणि रस करडा पडतो. स्टील, एनॅमल, किंवा मातीचं. बिनमुलाम्याची लोखंडी कढईसुद्धा नको. कुकरही स्टीलचा किंवा हार्ड ॲनोडाइज्ड घ्या.

पोईवाला
वाइन कोणती? आणि सोबत काय?

जर्सीकाका
ग्रीक घ्यायची तर नेमेयाची अगिओर्गितिको, नाहीतर नाउसाची क्सिनोमाव्रो. नाशिकची कोरडी शिराझ उत्तम चालते. गोड पोर्ट वाइन नको, त्यात साखर इतकी की आटल्यावर पाक होतो.

सोबत ग्रीक लोक खिलोपितेस (अंडं घालून मळलेल्या पिठाचा चौकोनी पास्ता), बटाट्याचं मॅश, तळलेले बटाटे किंवा नुसता पाव घेतात. वरून किसलेलं केफालोतिरी (कडक, खारट ग्रीक चीज). गोव्याची पोई यात बुडवायला मस्त, तुमच्या आयडीला साजेशी.

सायली_म
झालं. कांदे अख्खे आहेत, मटण हाडापासून सुटतंय. आंबटपणा बसला. उरलेलं किती दिवस राहील?

मंदआच
फ्रिजमध्ये तीन दिवस, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. ठेवण्याआधी दालचिनी, लवंगा आणि पानं शोधून काढा. रात्रभर आत राहिल्या तर दालचिनीच पुढे येते. लवंगा सापडत नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळी तिन्ही एकाच कांद्यात खोचून ठेवा. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळा, कांदे फुटतात. झाकण ठेवून मंद आचेवर, दोन चमचे पाणी घालून. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर फक्त मांस आणि रस ठेवा. गोठलेला कांदा वितळल्यावर लिबलिबीत होतो, तेव्हा कांदे आजच संपवा.